फायब्रोमायल्जिया आणि उपचारांचा क्रम

फायब्रोमायल्जिया हा स्नायू, कंडरा आणि सांध्यांभोवतीचे मऊ भाग यांत सर्वत्र जाणवणाऱ्या व तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेचा विकार असून, न उतरणारा थकवा, पुरेसे झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि विचारांची व स्मरणाची मंदता ही तीन लक्षणे त्या वेदनेसोबत बहुतेक वेळा असतातच. क्ष-किरण चित्रात हाडे सुस्थितीत दिसतात, रक्तातील दाह दाखविणाऱ्या चाचण्या सर्वसाधारण येतात, सांध्यांवर सूज नसते. तरीही सकाळी अंथरुणातून उठताना रुग्णाला सगळे अंग ठेचून काढल्यासारखे वाटते. अहवाल आणि अनुभव यांतील या विसंगतीमुळे कुटुंबात व दवाखान्यातही अनेकांची वेदना खरी मानली जात नाही, आणि निदान होण्यापूर्वीच वर्षानुवर्षे वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फेऱ्या होतात. जगभरच्या प्रौढ लोकसंख्येत या विकाराचे प्रमाण साधारणपणे २ ते ४ टक्के धरले जाते आणि त्यात स्त्रियांची संख्या बरीच अधिक आहे. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जे मराठवाड्याला घाटी याच नावाने परिचित आहे, तेथील असो किंवा तालुक्याच्या गावातील खासगी दवाखान्यातील असो, बाह्यरुग्ण विभागात ‘सगळं अंग दुखतं’ ही तक्रार रोजचीच असते. त्या तक्रारीमागे फायब्रोमायल्जिया असेल तेव्हा पूरके, औषधे आणि दिनचर्येतील बदल यांपैकी कशाचा किती उपयोग होतो, याविषयी उपलब्ध असलेले ज्ञान आता बरेच स्थिर झाले आहे. मात्र प्रत्यक्ष व्यवहारात या तिन्हींचा क्रम उलटा लागतो. वेदनाशामके आणि ताकदीच्या गोळ्या आधी, झोप व व्यायाम शेवटी, आणि आजाराचे नाव तर कित्येकदा सांगितलेच जात नाही.

या आजाराच्या नावाचा इतिहास वैद्यकाची गोंधळलेली वाटचाल दाखवितो. ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०४ मध्ये कंबरदुखीविषयी लिहिताना तंतुमय ऊतींचा दाह या अर्थाने ‘फायब्रोसायटिस’ ही संज्ञा वापरली, परंतु पुढे स्नायूंचे तुकडे तपासले असता तेथे दाह आढळेना, म्हणून १९७० च्या दशकात दाहाचा दावा न करणारे ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव रूढ होऊ लागले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने १९९० मध्ये ठरविलेल्या निकषांत शरीरावरील १८ ठरावीक बिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. हे निकष संशोधनाला सोयीचे असले तरी थकवा आणि झोप यांची दखल त्यांत नव्हती. २०१० मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये सुधारलेल्या निकषांत बिंदू दाबणे वगळून, १९ जागांपैकी किती जागी वेदना आहे याचा निर्देशांक आणि थकवा, झोप, स्मरण, डोकेदुखी, पोटदुखी व खिन्नता यांची तीव्रता मोजणारी १२ गुणांची श्रेणी, अशी दुहेरी मोजणी आली. २०१६ च्या निकषांनी शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चार विभागांत वेदना असण्याची अट घातली आणि दुसरा एखादा आजार सोबत असला तरी फायब्रोमायल्जियाचे निदान वैध ठरते हेही स्पष्ट केले. मराठवाड्यातील डॉक्टरांसाठी ही दुसरी बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण आमवाताच्या, मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या रुग्णाला फायब्रोमायल्जियाही असू शकतो आणि मूळ आजार आटोक्यात येऊनही अंगदुखी न थांबल्यास त्याच्या औषधांची मात्रा उगाच वाढविली जाते.

वेदनेचे मूळ स्नायूंत नसून वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत आहे, हा निष्कर्ष अनेक बाजूंनी पुष्ट झालेला आहे. टोरांटो येथील हार्वी मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप ठरवून मोडली, तेव्हा त्यांच्यातही अंगदुखी व स्पर्शवेदना निर्माण झाली. झोप हे लक्षण असण्याबरोबर कारणही असू शकते, हे त्यातून प्रथमच दिसले. २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली व सहकाऱ्यांनी मेंदूचे कार्यात्मक चित्रण करून दाखविले की निरोगी व्यक्तीच्या अंगठ्यावर बराच जास्त दाब दिल्यावर मेंदूतील जी वेदनाकेंद्रे उद्दीपित होतात, तीच केंद्रे या रुग्णांत सौम्य दाबानेही उद्दीपित होतात. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणारी आणि एरवी वेदना दाबून ठेवणारी यंत्रणा दुबळी पडते, मेरुद्रवात ‘सबस्टन्स पी’ हे वेदनावाहक रसायन वाढलेले आढळते, आणि सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहकांचा समतोल ढळतो. अशा वेदनेसाठी आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसीप्लास्टिक’ ही तिसरी वर्गवारी स्वीकारली, म्हणजे जेथे ऊतीची इजा किंवा नसेची इजा स्पष्ट दिसत नाही, परंतु वेदना हाताळण्याची पद्धतच बदललेली असते, ती वेदना. २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचल्यावर उंदीरही दाबाला व थंडीला अतिसंवेदनशील झाल्याचे दाखविल्यामुळे रोगप्रतिकार यंत्रणेच्या सहभागाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. कारणमीमांसेतील हा वाद अजून मिटलेला नसला तरी उपचारांच्या दृष्टीने एक गोष्ट पक्की आहे, ती अशी की स्नायूतील सूज उतरविणाऱ्या औषधाला येथे उतरविण्यासाठी सूजच सापडत नाही.

महाराष्ट्रात सांधे व स्नायूंच्या दुखण्याची लोकवस्तीत जाऊन मोजणी झाली ती पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने चालणाऱ्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमांतर्गत गावातील ४,०९२ प्रौढांची घरोघर पाहणी केली, तेव्हा १८.२ टक्के लोकांना अशा प्रकारचे दुखणे असल्याचे आढळले. त्यात आमवाताचे, म्हणजे सांधे सुजवून झिजविणाऱ्या आजाराचे, प्रमाण अवघे अर्धा टक्का होते. मोठा वाटा होता तो मऊ भागांच्या दुखण्यांचा आणि कोणत्याही ठरावीक चौकटीत न बसणाऱ्या अंगदुखीचा. ही सगळी अंगदुखी फायब्रोमायल्जिया नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही या पाहणीतून ग्रामीण महाराष्ट्रात वेदनेचा भार किती आहे आणि त्यातील किती थोडा भाग ‘वाताच्या गोळ्यां’नी सुटण्यासारखा आहे, हे स्पष्ट होते. याच संदर्भात २००६ ची चिकुनगुनियाची साथही आठवावी लागते. मराठवाड्यासह देशाच्या अनेक भागांत पसरलेल्या त्या साथीत भारतभर तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मोकळे झाले, पण काहींची अंगदुखी व थकवा दीर्घकाळ रेंगाळला. विषाणूजन्य तापानंतर, अपघातानंतर, बाळंतपणानंतर किंवा मोठ्या मानसिक आघातानंतर फायब्रोमायल्जियाची सुरुवात झाल्याचे रुग्ण सांगतात आणि वैद्यकीय वाङ्मयही त्याला दुजोरा देते.

कोणतेही पूरक किंवा औषध सुरू करण्यापूर्वी, फायब्रोमायल्जियासारखीच लक्षणे देणारे पण पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी बरे होऊ शकणारे विकार शोधणे हे पहिले काम आहे, आणि महाराष्ट्रात त्यांची यादी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील यादीपेक्षा वेगळ्या क्रमाने लावावी लागते. सर्वांत वर येते ते ‘ड’ जीवनसत्त्वाचे न्यून. भरपूर ऊन असूनही भारतीयांत हे न्यून व्यापक आहे, कारण दिवसाचा बहुतेक वेळ घरात, कारखान्यात किंवा अंगभर कपड्यांत जातो; न्यून तीव्र झाले म्हणजे हाडे मऊ पडतात आणि मांड्या, कंबर, बरगड्या यांत खोल ठणका लागतो, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना ताकद कमी पडते. या अवस्थेला अस्थिमृदुता म्हणतात आणि तिचे निदान रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज, कॅल्शियम, फॉस्फरस व ‘ड’ जीवनसत्त्व यांच्या तपासणीतून होते. दुसरे ‘बी १२’ जीवनसत्त्व. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांत ते कमी आढळले. शाकाहार आणि मधुमेहातील मेटफॉर्मिन ही या न्यूनाची परिचित कारणे होत, आणि हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा ही त्याची लक्षणे फायब्रोमायल्जियाशी हुबेहूब जुळतात. तिसरा रक्तक्षय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत तो आढळतो, म्हणून अंगदुखी व थकव्याची तक्रार करणाऱ्या स्त्रीचे हिमोग्लोबिन न तपासता तिला झोपेची गोळी देणे हा सरळ निष्काळजीपणा ठरतो. थायरॉइडची मंदता, कोलेस्टेरॉलसाठी दिलेल्या स्टॅटिन गटातील गोळ्यांमुळे होणारी स्नायूदुखी, तरुणांतील मणक्यांचा दाहक वात आणि मणक्याचा क्षयरोग हेही पाहावे लागतात. नांदेडसारख्या ज्या जिल्ह्यांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तेथे हाडांचा फ्लुरोसिस सुरुवातीला केवळ अंगदुखी व ताठरपणा म्हणूनच प्रकट होतो. ताप, वजन घटणे, एखादा सांधा सुजणे, रात्री झोपेतून उठविणारी एकाच जागची वेदना किंवा हातापायातील ताकद कमी होणे, यांपैकी काही आढळल्यास फायब्रोमायल्जियाचे निदान बाजूला ठेवून शोध पुढे चालवावा लागतो.

या तपासण्यांत जी उणीव सापडेल ती भरून काढणे, हाच पूरकांचा सर्वांत भक्कम उपयोग आहे. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्यास भारतात आठवड्यातून एकदा ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल असे साधारण आठ आठवडे देण्याची पद्धत आहे, आणि न्यून असलेल्या रुग्णांत त्यामुळे वेदना कमी झाल्याचे ऑस्ट्रियातील एका लहान नियंत्रित अभ्यासात २०१४ मध्ये दिसले. पातळी पुरेशी असलेल्यांत मात्र अधिकचे ‘ड’ जीवनसत्त्व वेदना घटविते असे म्हणण्यास आधार नाही. उलट हीच पुडी आठवड्याऐवजी रोज घेतली गेली, किंवा मोठ्या मात्रेची इंजेक्शने वरचेवर टोचली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून अतितहान, उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाची इजा होते. ‘बी १२’ व लोह यांनाही हाच नियम लागू पडतो. अमुक गोळी ‘नसांसाठी चांगली’ म्हणून वर्षभर चालू ठेवण्यापेक्षा पातळी पाहून ठरावीक मुदतीचा उपचार करावा आणि पुन्हा पातळी पाहावी, हे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही आहे.

न्यून सिद्ध नसताना सुचविल्या जाणाऱ्या पूरकांची स्थिती बरीच कमजोर आहे. मॅग्नेशियमविषयीचे अभ्यास लहान असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत; ते बहुतेकांना सोसते, परंतु जुलाब होऊ शकतात आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास ते धोक्याचे ठरते. पेशींतील ऊर्जानिर्मितीत भाग घेणारे कोएन्झाइम क्यू १० स्पेनमधील काही अभ्यासांत उपयोगी दिसले, पण त्यांतील रुग्णसंख्या इतकी थोडी होती की त्यावरून सर्वांसाठी शिफारस करता येत नाही, आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाला दरमहा परवडणारी नाही. ॲसिटिल-एल-कार्निटिनचीही गत तीच आहे. झोपेचे चक्र सांभाळणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचा आधार तुलनेने बरा आहे, कारण २०१४ मधील ब्राझीलच्या अभ्यासात ते एकटे किंवा ॲमिट्रिप्टिलिन या पुढे वर्णिलेल्या औषधासोबत दिले असता झोप व वेदना या दोन्हींत सुधारणा दिसली. सेरोटोनिन वाढविण्याच्या हेतूने घेतली जाणारी ५-एचटीपीसारखी पूरके ड्युलोक्सेटिन किंवा ट्रॅमाडॉल ही औषधे चालू असताना घेतल्यास सेरोटोनिन धोकादायकरीत्या वाढून थरथर, घाम, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. पूरक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत किती महागात पडू शकते याचे उदाहरण १९८९ मध्ये अमेरिकेत घडले. झोपेसाठी व खिन्नतेसाठी दुकानात मोकळेपणी मिळणाऱ्या एल-ट्रिप्टोफॅनच्या दूषित उत्पादनामुळे दीड हजारांहून अधिक लोकांना तीव्र स्नायूवेदनेचा एक नवाच आजार जडला आणि त्यात तीसहून अधिक मृत्यू झाले. भारतात अशी उत्पादने अन्नसुरक्षा कायद्याखाली, म्हणजे अन्न म्हणून विकली जातात आणि औषधाप्रमाणे परिणामकारकता सिद्ध करण्याचे बंधन त्यांच्यावर नसते, हे डब्यावरील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

आयुर्वेदाचा विचार वेगळा करणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यातील बहुतेक रुग्ण आधुनिक औषधांच्या बरोबरीने, न सांगता, काढे, गुग्गुळाच्या गोळ्या आणि तेले वापरीत असतात. चरकसंहितेतील वातव्याधींच्या प्रकरणात मांसगत व मेदोगत वाताचे जे वर्णन आहे, त्यातील अंगाचा जडपणा, टोचल्यासारखी वेदना आणि थकवा यांचे फायब्रोमायल्जियाशी असलेले साम्य अनेक वैद्यांनी नोंदविले आहे. माधवनिदानात वर्णिलेला आमवात मात्र सांध्यांच्या सुजेचा विकार असल्याने दोन्हींची गल्लत होऊ नये. कोमट तेलाचा अभ्यंग आणि शेक यांनी स्नायूंचा ताठरपणा तात्पुरता उतरतो, झोप सुधारते आणि धोका जवळजवळ नसतो, त्यामुळे व्यायामाची पूर्वतयारी म्हणून त्यांना निश्चित स्थान आहे. अश्वगंधेचे ताण व झोप यांवरील परिणाम काही लहान अभ्यासांत अनुकूल दिसले असले तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि थायरॉइडचे औषध घेणाऱ्यांनी व गर्भवतींनी ती स्वतःहून घेऊ नये. याहून गंभीर प्रश्न आहे तो बिननावाच्या पुड्यांचा. ‘वातावर रामबाण’ म्हणून बाजारात किंवा गावोगावी विकल्या जाणाऱ्या चूर्णांत छुपे स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे देशात वारंवार पुढे आली आहेत; पहिल्या काही दिवसांत त्यांनी चमत्कारिक आराम पडतो आणि नंतर चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणाम मागे राहतात. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली कोणतीही पुडी रुग्णाने घेऊ नये आणि कोणत्याही सुज्ञ वैद्याने देऊ नये.

आधुनिक औषधांत तीन-चारच अशी आहेत की ज्यांच्यामागे विश्वासार्ह अभ्यास आहेत, आणि त्यांतील एकही प्रचलित अर्थाने वेदनाशामक नाही. सर्वांत जुने व स्वस्त औषध ॲमिट्रिप्टिलिन. खिन्नतेसाठी ज्या मात्रा लागतात त्यांहून कितीतरी कमी, म्हणजे रात्री १० ते २५ मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते गाढ झोप वाढविते आणि वेदना सौम्य करते. त्याचा उपयोग १९८६ पासूनच्या नियंत्रित अभ्यासांत दिसलेला आहे आणि ते भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने परवडते. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, सकाळची गुंगी, वजनवाढ हे त्याचे त्रास असून, हृदयाच्या ठोक्यांचे विकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांत ते जपून वापरावे लागते. मेंदूतील सेरोटोनिन व नॉरएपिनेफ्रिन टिकवून वेदना दाबणारी यंत्रणा सबळ करणारे ड्युलोक्सेटिन साधारणपणे ३० मिलिग्रॅमने सुरू करून ६० पर्यंत नेतात. खिन्नता सोबत असल्यास ते अधिक सोयीचे ठरते, पण सुरुवातीची मळमळ, रक्तदाब आणि यकृत यांकडे लक्ष द्यावे लागते. नसांतील वेदनासंदेशांचा जोर कमी करणारे प्रीगॅबॅलिन झोपेलाही उपकारक असते. चक्कर, पायांवर सूज, वजनवाढ आणि काहींत सवय लागणे हे त्याचे दोष आहेत. यांपैकी कोणतेही औषध एकाएकी थांबवू नये, मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी.

या औषधांच्या यशाचे माप रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या औषध नियामकाने प्रीगॅबॅलिनला २००७ मध्ये, ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये आणि ड्युलोक्सेटिनच्याच गटातील मिलनासिप्रानला २००९ मध्ये या आजारासाठी मान्यता दिली, परंतु युरोपच्या नियामकाने लाभ पुरेसा नसल्याचे कारण देऊन तिन्हींना ती नाकारली. दोघांसमोरील पुरावा जवळपास सारखाच होता, निष्कर्ष मात्र वेगळे निघाले. कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार प्रीगॅबॅलिनने वेदना निम्म्यावर येणाऱ्यांचे प्रमाण औषधी गुण नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी जास्त असते. म्हणजे दहा-अकरा रुग्णांना औषध द्यावे तेव्हा एकाला त्याचा असा भरीव उपयोग होतो. ज्याला तो होतो त्याचे आयुष्य खरोखर पालटते, म्हणून औषध नाकारण्याचे कारण नाही. पण दोन-तीन महिन्यांत झोप, वेदना किंवा कामाची क्षमता यांपैकी कशातच फरक न पडल्यास ते पुढे ओढीत राहण्याचेही कारण नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी प्रीगॅबॅलिन नव्याने सुरू करू नये असे सांगून व्यायाम, मानसोपचार आणि खिन्नतारोधक औषधांना पसंती दिली आहे. भारतीय बाजारात प्रीगॅबॅलिन बहुधा मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन यांच्याशी एकत्र केलेल्या गोळीतच लिहून दिले जाते; अशा जोडगोळीत एका घटकाची मात्रा दुसऱ्याला न हलविता वाढविता किंवा उतरविता येत नाही, आणि या आजारात तर मात्रेची हीच बारीक जुळवणी निर्णायक असते. अलीकडे बोलबाला झालेल्या अल्पमात्रेतील नाल्ट्रेक्सोनने डेन्मार्कमधील ९९ स्त्रियांच्या नियंत्रित अभ्यासात वेदनेच्या बाबतीत दिखाऊ गोळीवर मात केली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत जिभेखाली ठेवण्याच्या सायक्लोबेन्झाप्रिनला मान्यता मिळाली. त्याचाही रोख झोपेवरच आहे.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी दाहनाशके, पॅरासिटामॉल आणि स्टेरॉइड यांचा फायब्रोमायल्जियाच्या मूळ वेदनेवर उपयोग होत नाही. सोबत गुडघ्याची झीज असेल तर त्या गुडघ्यापुरता दाहनाशकाचा उपयोग होईल. सर्वांगदुखीसाठी महिनोन्‌महिने ती घेतल्याने जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाढतो. ‘सलाईन लावा, ताकद येईल’ ही ग्रामीण भागातील अपेक्षा आणि ती पुरविणारे दवाखाने यांमुळे गरीब कुटुंबाची मजुरी खर्ची पडते आणि रुग्णाच्या हाती एका संध्याकाळच्या आरामापलीकडे काही लागत नाही. अफूवर्गीय औषधेही येथे बहुतांशी निरुपयोगी ठरतात. त्यांतील सौम्य ट्रॅमाडॉल काहींना थोड्या काळासाठी मदत करते, पण सवय लागण्याच्या धोक्यामुळेच ते २०१८ पासून भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे.

संधिवाताच्या अभ्यासाला वाहिलेल्या युरोपीय संघटनेने २०१६ मध्ये सर्व उपचारांची छाननी केली तेव्हा ‘ठाम शिफारस’ हा दर्जा मिळाला तो एकट्या व्यायामाला. येथे व्यायामाची रीत मात्र महत्त्वाची आहे, कारण ‘रोज तासभर चाला’ असे सांगितलेला रुग्ण पहिल्याच दिवशी तासभर चालतो, पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो आणि व्यायाम आपल्याला सोसत नाही असा पक्का निष्कर्ष काढतो. सुरुवात पाच-दहा मिनिटांच्या सावकाश चालण्याने करावी, एकच वेग दोन आठवडे ठेवावा, मग मिनिटे वाढवावीत आणि वेग सर्वांत शेवटी. काही आठवड्यांत वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, इतके गाठले तरी पुरेसे असते. पहिल्या महिन्यात दुखणे किंचित वाढल्यासारखे वाटते, ही इजा नव्हे हे आधीच समजावून सांगितल्यास रुग्ण टिकून राहतो. कोमट पाण्यातील व्यायाम, स्नायूंना हळूहळू बळ देणारे हलक्या वजनांचे व्यायाम आणि ताणण्याचे व्यायाम हे सारे उपयुक्त आहेत. ताई ची या मंदगती चिनी व्यायामाचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला २२६ रुग्णांचा अमेरिकी अभ्यास त्याला चालण्या-धावण्याच्या व्यायामाइतकेच किंवा त्याहून चांगले ठरवितो, आणि २०१० मध्ये ओरेगॉन येथे ५३ स्त्रियांवर झालेल्या योगासनांच्या अभ्यासात आठ आठवड्यांत वेदना, थकवा व मनःस्थिती सुधारली. जेथे योगवर्ग वस्तीवस्तीत आहेत, तेथे ही गोष्ट ताई चीपेक्षा किती सहज साधण्यासारखी आहे हे सांगायला नको. छत्रपती संभाजीनगरात हिमायत बाग, विद्यापीठाचा परिसर, सिद्धार्थ उद्यान या सकाळी फिरण्याच्या जागा आहेतच. मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, उन्हे चढण्याआधीची वेळ गाठावी अथवा घरातच चालावे, पण क्रम मोडू नये.

शेतात कापूस वेचणाऱ्या किंवा बांधकामावर राबणाऱ्या स्त्रीला व्यायामाचा सल्ला क्रूर वाटू शकतो, आणि तो तसाच दिला तर तो क्रूर असतोही. श्रम आणि व्यायाम यांत फरक असा की श्रमाची गती, स्थिती आणि विश्रांती कष्टकऱ्याच्या हाती नसते. अशा रुग्णासाठी उपचार म्हणजे कामाची वाटणी: सलग दोन तास वाकण्याऐवजी दर अर्ध्या तासाने सरळ होणे, बऱ्या दिवशी आठवड्याचे काम उरकण्याचा मोह टाळणे आणि वाईट दिवशी पूर्ण न झोपता थोडी हालचाल ठेवणे. बऱ्या दिवशी अंगमोड काम आणि मग चार दिवस पडून राहणे, हे चक्र मोडले तरच थकवा उतरू लागतो.

झोपेचे गणित छत्रपती संभाजीनगर शहरात वेगळेच बिकट आहे. पैठणच्या जायकवाडी धरणातून येणारे पाणी अनेक वसाहतींत गेली कित्येक वर्षे काही दिवसांच्या खंडाने सुटते आणि कधी रात्री-बेरात्रीही येते. ते भरण्यासाठी जागणे, भांडी व बादल्या वाहणे हे बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते, आणि साठविलेल्या पाण्यावर डेंग्यू-चिकुनगुनियाचे डास वाढतात ते वेगळेच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यांची झोप दर आठवड्याला नव्याने विस्कटते. अशा परिस्थितीत झोपेच्या नियमांची छापील पत्रिका हाती देण्यापेक्षा नेमके बदल सुचविणे उपयोगी: पाणी भरण्याची जबाबदारी घरातील दुसऱ्याने घेणे, रोज उठण्याची वेळ शक्य तितकी एकच ठेवणे, दुपारी चारनंतर चहा टाळणे, झोपण्याआधी मोबाइल दूर ठेवणे, आणि पाळी वारंवार न बदलण्याची शिफारस करणारे डॉक्टरांचे पत्र मालकाला देणे. घोरणे आणि दिवसा अनावर झोप येणे असेल तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी, कारण तो बरा केल्याशिवाय कोणतीही गोळी झोप देणार नाही.

आहाराविषयी थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. फायब्रोमायल्जियासाठी सिद्ध झालेला असा कोणताही खास आहार नाही. डाळी, दूध-दही, अंडी, शेंगदाणे यांतून पुरेशी प्रथिने मिळावीत, वजन जास्त असल्यास ते हळूहळू कमी करावे, आणि तंबाखू व मिश्री सोडावी. आंबट, वातूळ, थंड अशा नावांनी एकेक पदार्थ बंद करीत गेल्यास आधीच अशक्त असलेली स्त्री आणखी कुपोषित होते.

खिन्नता आणि चिंता या आजारात वारंवार आढळतात, पण त्यावरून हा मनाचा खेळ ठरत नाही. विचार व वर्तन यांवर काम करणारा मानसोपचार वेदना पुसून टाकीत नाही, तो वेदनेमुळे आक्रसलेले जगणे पुन्हा विस्तारतो, आणि त्याचा उपयोग अभ्यासांनी मान्य केलेला आहे. मनोविकार विभागाकडे पाठविताना ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणून पाठविले तर रुग्ण पुन्हा येत नाही. मेंदू वेदना हाताळतो म्हणून मेंदूचे औषध व प्रशिक्षण लागते, इतके साधे स्पष्टीकरण पुरेसे असते. आजाराचे नाव, तो जीवघेणा नाही आणि सांधे वाकडे करीत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितल्याने अनेकांच्या तपासण्यांचा फेरा थांबतो, आणि कुटुंबीय त्या भेटीत हजर असतील तर घरातील अविश्वासही कमी होतो.

व्यवस्थेने मात्र या रुग्णांना अजून जागा दिलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर बेतलेली असल्याने वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण म्हणून चालणाऱ्या या आजाराचा खर्च रुग्णालाच उचलावा लागतो. तरीही या उपचारासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्ताच्या पाच-सहा तपासण्या, दहा मिलिग्रॅमची एक स्वस्त गोळी, व्यायाम शिकविणारा फिजिओथेरपिस्ट, ऐकून घेणारा समुपदेशक आणि दर दीड-दोन महिन्यांनी तोच डॉक्टर, एवढ्यावर तो उभा राहतो. औषधवैद्यक, अस्थिव्यंगोपचार, मनोविकार हे विभाग प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहेत. त्यांनी आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी एकत्र बसून दीर्घकालीन वेदनेची बाह्यरुग्ण सेवा चालवावी, आणि तिची सुरुवात मराठवाड्यात घाटीपासून व्हावी.